इलाबाईंचे गहू

माझी सासू ग्रीक आहे असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्या नवऱ्याच्या नाकाकडे बघतात. ललितचं नाक अस्सल खानदेशी, एरंडोलच्या बाजारात तसली ढीगभर सापडतील. मग त्यांना वाटतं मी फेकतेय. एवढ्यात सासूबाई आतून चहा घेऊन येतात, गोऱ्यापान, घाऱ्या डोळ्यांच्या, डोक्यावर पदर, आणि पाहुण्यांना विचारतात, "साखर किती टाकू वं?" पाहुण्यांची बोलती बंद होते. मला हा प्रकार फार आवडतो, म्हणून मी कुणालाही आधी सावध करत नाही.

त्यांचं खरं नाव एलेनी. लग्न करून एरंडोलजवळ आमच्या गावी आल्या तेव्हा त्यांच्या सासूने दोनदा म्हणून पाहिलं, जमलं नाही, म्हणून सरळ इला करून टाकलं. जन्म कोलकात्याचा. पणजोबा एका ग्रीक बेटावरून तागाच्या व्यापारासाठी बंगालात आले आणि तिथलेच झाले. सासूबाईंच्या लहानपणी कोलकात्यात बरीच ग्रीक घरं होती. दर रविवारी कालीघाटाजवळच्या चर्चमध्ये जमायचं, ईस्टरला लाल रंगवलेली अंडी एकमेकांवर आपटायची, ज्याचं फुटणार नाही त्याचं वर्ष चांगलं. पुढे तागाचा धंदा बसला, एकेक घर उठलं. कुणी लंडनला, कुणी अथेन्सला, बरेच ऑस्ट्रेलियात. त्यांची धाकटी बहीण कतीना मेलबर्नला गेली. सासूबाई मात्र खानदेशात आल्या.

याला कारण माझे सासरे. तोताराम पाटील, बॉयलरचे इंजिनिअर. कोलकात्याला प्रशिक्षणाला गेले होते आणि येताना ही बाई घेऊन आले. सासूबाई म्हणायच्या, "मी घाबरले नाही, कारण खानदेश हा शब्द आमच्या घरात होता." त्यांचे आजोबा तरुणपणी एका ग्रीक पेढीकडून कापूस पारखायला धुळ्याला यायचे. म्हातारपणी कोलकात्यात बसून ते नातवंडांना धुळ्याच्या उन्हाच्या गोष्टी सांगायचे. मी धुळ्याची. म्हणून लग्नानंतर पहिल्याच दिवशी सासूबाईंनी मला सांगून टाकलं, "तुझ्या गावचं ऊन मला तुझ्याआधीपासून माहीत आहे."

सासऱ्यांची सारी नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत गेली. निवृत्तीनंतर दोघं आमच्याकडे जळगावला आली. सासूबाई कॉलनीतली मराठी आणि सासूने शिकवलेली अहिराणी अशा दोन्ही फडाफडा बोलतात. भरीत माझ्यापेक्षा चांगलं करतात आणि ते बोलूनही दाखवतात. सासूने लावलेली एक सवय त्यांनी आयुष्यभर पाळली. नवऱ्याचं नाव त्या कधी घेत नसत. "ललितचे पप्पा" हेच त्यांचं नाव. मी ललितला चारचौघांत "अरे ललित" म्हणते तेव्हा त्या माझ्याकडे अशा बघतात, जशी काही मीच परदेशातून आले आहे.

मागच्या कार्तिकात सासरे गेले. झोपेत गेले, कुणाला त्रास न देता, जसे जगले तसेच. सासूबाई दहा दिवस रडल्या आणि मग गप्प झाल्या. त्या गप्प बसण्याची मला सगळ्यांत जास्त भीती वाटत होती.

वर्ष होत आलं तसा मेलबर्नहून कतीनामावशींचे फोन वाढले. त्यांचं म्हणणं एकच होतं: आता ये. इथे चर्च आहे, पाद्री आहेत, आपली माणसं आहेत. सासूबाई ऐकत राहायच्या. एक दिवस त्यांनी ललितला सांगितलं, "ललितच्या पप्पांचं वर्षश्राद्ध झालं की मी जाते. तिकीट काढ." ललितने माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे.

मी भांडलेच. म्हटलं, "आई, इथे तुम्हाला काय कमी आहे? मी काही बोलले का?"

"तू बोलतेस, पण त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "कामिनी, मी मेले की माझा कोलिवा कोण शिजवणार?"

कोलिवा मला ऐकून माहीत होता. ग्रीक लोक आपल्या गेलेल्या माणसासाठी गहू शिजवतात. अख्खे गहू, मऊ पण मोकळे, कापडावर पसरून वाळवायचे, मग त्यात डाळिंबाचे दाणे, बेदाणे, दालचिनी. वरून भाजलेल्या पिठाचा थर, त्यावर दळलेली साखर आणि साखरेवर बदामांचा क्रूस. लोकांना ओंजळ ओंजळ वाटायचा. खाणाऱ्याने गेलेल्याचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, याची आठवण अखंड राहो. चाळिसाव्या दिवशी, वर्षाला आणि मग दरवर्षी.

"मी शिजवेन की," मी म्हटलं.

सासूबाई जरा हसल्या. "तू शिजवशील. पण खाणार कोण? तू, ललित आणि मोनाली? कोलिवा घरात बसून खायचा नसतो गं. नाव घेणारी माणसं लागतात. या बिल्डिंगमध्ये मला कोण ओळखतं? गावातली माणसं ललितच्या पप्पांची आहेत, माझी नाहीत. मी गेल्यावर मला कुणी हाकच मारली नाही तर?"

मला वाईट वाटलं आणि रागही आला. इतकी वर्षं मी या बाईच्या हाताखाली पोळ्या लाटल्या, त्यांच्या औषधांच्या वेळा सांभाळल्या, आणि मी मोजण्यातच नाही! पण त्या खोटं बोलत नव्हत्या. काही वर्षांपूर्वी मी त्यांना कोलकात्याला घेऊन गेले होते. त्या चर्चमध्ये आता जवळजवळ सगळे बंगाली आहेत, प्रार्थना बंगालीत म्हणतात. तिथल्या बायकांनीही कोलिवा केला होता आणि वर खोवलेलं खोबरं घातलं होतं. सासूबाई परतीच्या प्रवासात भुसावळ येईपर्यंत त्या खोबऱ्यावर बोलत होत्या. पण तिथे त्यांनी दोनदा मागून खाल्लं होतं, ते मी पाहिलं होतं.

सासऱ्यांसाठी मात्र त्यांना कोलिवा करायचाच होता. कोलकात्याच्या फादरना फोन केला, तर ते म्हणाले, बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसासाठी चर्चमध्ये विधी होत नाही, घरी प्रार्थना करायला कुणाची मनाई नाही. सासूबाईंनी ठरवलं, श्राद्ध गावी आहे, तर कोलिवाही गावीच वाटायचा. जाण्याआधीचं शेवटचं काम.

आदल्या दिवशी आमचं स्वयंपाकघर म्हणजे गिरणी झाली होती. माझी मुलगी मोनाली पुण्याहून आली होती, तिने डाळिंबं सोलली. मला सासूबाईंनी पीठ भाजायला बसवलं आणि दर दोन मिनिटांनी "करपेल" म्हणून दटावलं. सकाळी मोठ्या परातीत गव्हाचा ढीग रचला, वर पिठाचा थर, त्यावर साखर, वाटीच्या बुडाने दाबून अशी गुळगुळीत केली की सिमेंटच्या गवंड्याने शिकावं. बदामांचा क्रूस सासूबाईंनी दोनदा मोडून पुन्हा लावला. पण झालं सुंदर. मी परात मांडीवर घेऊन गाडीत बसले.

आणि पाळधीच्या पुढे, कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरला वाट देताना ललितने गाडी अशी काही खड्ड्यात घातली की परातीतला ढीग एका बाजूला घसरला. साखर माझ्या साडीवर, पीठ गाडीच्या पायपुसण्यावर, बदाम कुठे गेले ते आजही सापडलेले नाहीत. मी ललितला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वरची उरलेली साखर झटकून, मळलेला भाग काढून आम्ही राहिलेलं पुन्हा सारखं केलं. गहू शाबूत होते, डाळिंबाचे दाणे थोडे दिसत होते. गावी पोचल्यावर परातीत राहिले ते शिजवलेले गहू.

सकाळचा विधी झाला. भटजींना दक्षिणा गेली, जेवणं झाली, बायका ओट्यावर पान खात बसल्या, पुरुष अंगणात. सासूबाई उठल्या, परात घेतली आणि एकेकाच्या ओंजळीत गहू घालू लागल्या. मोनाली त्यांच्याबरोबर वाटत होती. हल्ली असतो तसला ढगळ कुडता घातला होता तिने, तिच्यासारख्या दोघी मावतील असा.

ओट्यावरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मी आतून पाणी घेऊन येत होते. शेजारच्या कुंदाबाईंनी माझा हात धरून बाजूला ओढलं आणि हळूच विचारलं, "काय वं कामिनी, पोऱ्या व्हयना का पोर?"

मला कळेचना. "मुलगा की मुलगी? कोणाला?"

कुंदाबाईंनी ओंजळीतले गहू दाखवले. "घुगऱ्या वाटी राह्यनात ना!" आणि त्यांची नजर हळूहळू मोनालीच्या कुडत्यावर जाऊन थांबली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खानदेशात शिजवलेले गहू, म्हणजे घुगऱ्या, वाटतात त्या बाळ जन्मलं की, बारशाला. मी जन्मभर खाल्ल्यात. पण आदल्या दिवसापासून त्या साखरेखाली, त्या क्रूसाखाली मला घुगऱ्या दिसल्याच नव्हत्या. आता साखर नाही, क्रूस नाही. वर्षश्राद्धाचं घर, आणि ओट्यावर घरची लग्न न झालेली मुलगी स्वतःच्या हाताने बारशाच्या घुगऱ्या वाटतेय! मला हसू येत होतं आणि घाबरायलाही झालं होतं.

मी काही बोलायच्या आत माझ्या आतेसासू भिकुबाई अक्का ओट्यावर आल्या. सासऱ्यांची धाकटी बहीण, विधवा झाल्यापासून माहेरच्या या घरात राहतात, शेत त्याच बघतात. आवाज असा की वेचणीला आलेल्या मजुरांना त्यांनी बांधावरून हाक मारली तर दुसऱ्यांच्या शेतातले मजूरही कामाला लागतात. भावजयीशी त्यांचं वागणं कायम सरळ, कामापुरतं. भाऊ गेल्यापासून तेही कमीच झालं होतं.

"वहिनी!" त्या ओरडल्या. "मना भाऊना वर्षश्राद्धले तू घुगऱ्या वाटी राह्यनी? बठ्ठं गाव आपली पोरना पोटकडे दखी राह्यनं! लाज नही वाटस तुले?"

मोनालीने आधी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मम्मी, हे काय चाललंय?"

"तू आत जा," मी म्हटलं. ती गेली नाही. माझ्यावरच गेली आहे.

सासूबाई परात घेऊन तशाच उभ्या होत्या. मला वाटलं त्या रडणार. त्यांनी परात ओट्यावर ठेवली, पदर नीट केला आणि स्वच्छ अहिराणीत सांगितलं, "अक्का, या घुगऱ्या नही शेत. आम्हना लोकेस्मा माणूस गया म्हंजे गहू शिजाडतस. तुम्हना जल्मले, आम्हना मरनले. गहू जमीनमा पुरा, तव्हय तो उगस. माणूस भी तसाच, आसं आम्हना लोके म्हंतस. मी दुसरं काहीच करेल नही."

शेतकऱ्यांचं गाव. गहू पुरला की उगवतो, हे त्यांना काय नवं सांगायचं? नुकतीच पेरणी झाली होती, गव्हाचे पोपटी कोंब ओट्यावरून दिसत होते.

पहिलं तोंड उघडलं ते उखर्डू आबांनी. भाऊबंदांतले सगळ्यांत म्हातारे, ऐकायला कमी येतं, त्यामुळे वरचा सगळा गोंधळ त्यांच्या गावीही नव्हता. त्यांनी आपली ओंजळ कधीच संपवली होती. "गहू ब्येस शिजेल शेत," ते मोठ्याने म्हणाले. "साखर कमी शे. आखो दे."

लोक हसले. मी ललितकडे पाहिलं, त्याने मान खाली घातली. सासूबाईंनी आबांच्या ओंजळीत पुन्हा गहू घातले आणि त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "आबा, खावाना आगोदर नाव लेवानं ऱ्हास. जो गया त्यानं."

"कोन? तोत्या?" आबा म्हणाले. मग त्यांनी मान वर केली आणि, लहानपणी विहिरीवर पोहायला जाताना मारत असतील तशी, हाक मारली, "ए तोत्याऽऽ!"

सासूबाईंच्या तोंडून आवाज फुटला. हसू होतं की रडू, मला अजून सांगता येणार नाही. मग कुंदाबाई म्हणाल्या, "तोतारामभाऊ." अंगणातून कुणी म्हणालं, "तोतानाना." मोनाली म्हणाली, "आजोबा." एकेक जण नाव घेऊन गहू तोंडात टाकू लागला, आणि वर्षभर आमच्या घरात दबक्या आवाजात वावरणारं ते नाव त्या दुपारी ओट्यावर मोकळं फिरायला लागलं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. शेवटी सगळे सासूबाईंकडे बघू लागले.

त्या गप्पच. ओंजळीत गहू, ओठ मिटलेले.

"ले ना," अक्का म्हणाल्या. आवाज उतरला होता. "माय नही, बाप नही आत्ते. नाव लिधं त्ये कोन बोली तुले?"

"तोताराम," सासूबाई म्हणाल्या. पहिल्यांदा. मग ग्रीकमध्ये काहीतरी म्हणाल्या आणि गहू खाल्ले.

बायका पांगल्या. मी परात घासायला घेतली, सासूबाई ओट्याच्या कडेला टेकून बसल्या. अक्का आल्या आणि शेजारी बसल्या. अशा शेजारी बसलेल्या मी त्या दोघींना कधी पाहिलं नव्हतं. मी घासायच्या आधी परातीच्या कडेला चिकटलेले गहू अक्कांनी ओंजळीत काढून घेतले होते, ते एकेक खात होत्या.

"ललित सांगत व्हता, तू बहीणकडे चालनी," अक्का म्हणाल्या.

"हा."

"कायमनी?"

"कायमनी."

"कसाले? आम्ही काय तुले खाई टाकसूत का?"

मला जे सांगितलं होतं तेच सासूबाईंनी सांगितलं, फक्त अहिराणीत ते आणखी उघडं वाटलं. "मी मरसू तव्हय मना गहू कोन शिजाडी? मनं नाव कोन ली? तठे मना लोके शेत."

अक्कांनी शेवटचा गहू तोंडात टाकला, बोटं पदराला पुसली आणि भावजयीकडे असं पाहिलं, जसं काही तिने शेताचा बांध ओलांडला आहे.

"तू नवरी व्हयीसन वनी तव्हय मी परकरमा व्हती," त्या म्हणाल्या. "तुना हातनं खाई खाई मोठी व्हयनी. तुना पोऱ्यानं नाव मी ठेवेल शे. आनि तुना लोके तठे?"

सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मराले इतली दूर कसाले जास वं? अठेच मर. मी तुनापेक्षा धाकली शे, गहू मी शिजाडसू. खावाले बठ्ठं गाव शे." मग आवाज चढवून, मला ऐकू यावं म्हणून, "आनि मी आगोदर मरनू त्ये ही कामिनी शे ना. तिले आत्तेपासूनच शिकाड."

परात माझ्या हातातून निसटली आणि दणकन दगडावर पडली. कुणी लक्षच दिलं नाही. सासूबाईंनी पदराने नाक पुसलं, डोळे पुसले, पुन्हा नाक पुसलं. ललित दारात येऊन उभा राहिला होता. त्याच्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "ललित, मावशीला फोन कर. सांग, तूच ये म्हणावं इकडे, हवा चांगली आहे."

मग त्या अक्कांकडे वळल्या. आवाज तोच, मला गेली कित्येक वर्षं स्वयंपाकघरात ऐकू येणारा, ज्याच्यापुढे माझी एकही पोळी गोल ठरत नाही.

"दख अक्का, साखर आतमा नही टाकानी, वरतून टाकानी. गहूनी पेज नही व्हवाले जोयजे. आनि खोबरं," त्यांनी बोट वर केलं, "मी मरनू तरी खोबरं टाकानं नही."